हळदीचे पेव आणि मेटल वाजवणारी मुले

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : सांगली-मिरज परिसरातील मेटल संगीतावरील माहितीपटाबाबत प्रसिद्ध झालेले पत्र

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गावभागातील एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात मेटल, म्हणजे गिटार-ड्रमवर मोठ्या आवाजात वाजणारे जड रॉक संगीत, वाजवणाऱ्या मुलांवर मी केलेल्या ५२ मिनिटांच्या माहितीपटाची चार ओळींची बातमी आपण छापली होती, ती वाचून त्यांनी ते लिहिले आहे. शहरात असल्या कर्णकर्कश वाद्यवृंदांचे पेव फुटले असून आता त्यांच्यावर चित्रपटही निघू लागले आहेत, यासाठी पैसा कोण पुरवतो, आणि ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तिच्या शेजारी राहून कॅमेरा नेमका या गोंगाटाकडेच का वळवावा, असा त्यांच्या पत्राचा आशय आहे. प्रश्न रास्त आहेत आणि ते संयमाने विचारलेले आहेत, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यावे असे मला वाटते.

मी चित्रपटसृष्टीतला माणूस नाही. गेली २१ वर्षे मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करतो. तुळशीच्या लग्नानंतर ज्येष्ठापर्यंत मला मान वर करायला वेळ नसतो आणि आषाढापासून चार महिने कॅमेरा पिशवीत पडून असतो. हा माहितीपट मुख्यतः त्या रिकाम्या महिन्यांत, तीन पावसाळ्यांत मिळून झाला आहे.

प्रथम पेवाविषयी. 'पेव फुटणे' आपण सर्रास म्हणतो, पण पेव म्हणजे काय हे आता सांगलीतल्या माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांनाही समजावून सांगावे लागते. हरिपूर आणि सांगलवाडीच्या बाजूला कृष्णाकाठच्या घट्ट मातीत खणलेले, अरुंद तोंडाचे आणि घागरीसारख्या पोटाचे ते खड्डे. त्यांत हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे किडीवाचून टिकत असे. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीचशी पेवे पाणी शिरून कायमची निकामी झाली. माझे आजोळ हरिपूरचे असल्याने एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे, ती अशी की पेवाचे तोंड उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नसे. कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून ते बराच वेळ उघडे टाकून वाट पाहावी लागे. ज्येष्ठ वाचकांनी वापरलेला शब्द म्हणूनच मला आवडला. मात्र हे पेव फुटलेले नाही. तीन वर्षे शोधूनही मला या तीन गावांत मिळून मेटल वाजवणारे चार ग्रुप सापडले, त्यांत १६ मुले आणि एक मुलगी, आणि त्या चारांपैकी दोन ग्रुप चित्रीकरण चालू असतानाच मोडले. फुटण्याइतके पीक मुळात आलेलेच नाही.

ही मुले स्वतःच्या संगीताला 'अंडरग्राउंड' म्हणतात. मराठी निवेदन लिहिताना मी त्यासाठी आधी 'भूमिगत' हा शब्द योजला होता, आणि तो कागदावर उतरताच मलाच खटकला. हा प्रतिसरकारचा मुलूख. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे सहकारी ज्या अर्थाने भूमिगत होते, तो अर्थ कुंडल-वाळव्याच्या लोकांच्या मनात अजून ताजा आहे, आणि घरमालकाला कळू नये म्हणून शटर ओढून गिटार वाजवणाऱ्या पोरांना तो शब्द लावणे म्हणजे जरा जास्तच झाले असते. या मुलांच्या बोलीत अंडरग्राउंडचा अर्थ साधा आहे : आपली गाणी कोणती कंपनी काढत नाही, ती रेडिओवर लागत नाहीत, गणेशोत्सवातल्या मंडळाचे किंवा लग्नाचे बोलावणे येत नाही, स्वतःच्या पैशाने ध्वनिमुद्रण करायचे आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या पन्नास जणांनी ते ऐकायचे. शेवटी मी माहितीपटात 'अंडरग्राउंड' हाच शब्द ठेवला.

या मुलांशी माझी ओळख कवठेमहांकाळच्या एका हळदी समारंभात झाली. बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवणारा एक विशीतला मुलगा जेवणाच्या सुट्टीत खुर्चीच्या पाठीवर दोन काड्यांनी असा काही वेगवान हात चालवत होता की मी कॅमेरा त्याच्याकडे वळवला. नवरीच्या मामांनी मला त्यासाठी झापले, ते वेगळे. चौकशी करता तो म्हणाला की बेंजो पार्टीत मिळणाऱ्या पैशातून तो ड्रमच्या सेटचे हप्ते फेडतो आणि रविवारी हळदीच्या एका जुन्या गोदामात 'आपली गाणी' वाजवतो. त्या रविवारी मी गेलो. पत्र्याचे छप्पर, भिंतीला लावलेल्या जुन्या गाद्या, मागे रिकाम्या पोत्यांची थप्पी, आणि आत चौघेजण इतक्या मोठ्या आवाजात वाजवत होते की माझ्या छातीत ठोके जाणवत होते. मला ते संगीत आवडले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मात्र चारही जण एकाच क्षणी थांबत होते आणि एकाच क्षणी पुन्हा सुरू होत होते, आणि लग्नाच्या बँडमध्ये २१ वर्षे जे ऐकले त्यात इतका काटेकोरपणा मी क्वचितच पाहिला होता.

त्यानंतर चार महिने मी कॅमेरा नेला नाही. दर रविवारी नुसता जाऊन बसत असे, चहा सांगत असे, वायरी गुंडाळायला मदत करत असे. लग्नाच्या धंद्यात माणसे कॅमेऱ्यासाठी सजून आलेली असतात. इथे कॅमेरा दिसला की मुले मोठ्या बँडच्या व्हिडिओत पाहिलेल्या पोझ घेऊ लागत, केस झटकत, भुवया आवळत. ते सगळे निवून जाईपर्यंत थांबणे भाग होते. पेवाची रीत मला इथे उपयोगी पडली.

या चार महिन्यांत जे कळले त्यातले बरेचसे कुपवाड एमआयडीसीतल्या एका गिटारवादकाकडून कळले. तो प्रेस शॉपमध्ये पत्रा कापतो. मेटल संगीताचा उगम ज्या ब्लॅक सॅबथ या बँडपासून मानतात, त्याची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९७० मध्ये आली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातली ही मुले होती. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला, आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे बनवली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे तारा ढिल्या करून स्वर खाली उतरवला. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज काही अंशी त्या अपघातातून आला. आमचा हा मुलगा रोज प्रेसवर बसण्यापूर्वी ही गोष्ट आठवतो, असे त्याने मला सांगितले. त्याच्या मशीनवर हात आत असताना प्रेस बंद ठेवणारे सेन्सर आहे, आणि ते चालू आहे की नाही हे तो दोनदा तपासतो. परदेशी संगीताची ही मुले नक्कल करतात, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे दृश्य पाहावे अशी माझी इच्छा आहे, कारण पत्रा कापणाऱ्या पोराला पत्रा कापणाऱ्या पोराचे संगीत आवडले यात मला तरी नवल वाटत नाही. पुण्यात २०१० साली एनएच सेव्हन वीकेंडर हा महोत्सव सुरू झाल्यानंतर यांच्यातले थोरले रात्रीच्या एसटीने तिकडे जाऊ लागले आणि परत येताना डोक्यात काहीतरी घेऊन आले, एवढाच बाहेरचा धागा.

आता मिरजेच्या प्रश्नाकडे येतो, कारण तिथे माझे आणि ज्येष्ठ वाचकांचे भांडण मुळात नाहीच. एका मुलाच्या जुन्या गिटारीची तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पडद्यावर, आपटून झणझणत होती. मानेच्या टोकाला तार ज्या खाचेतून जाते तो नट झिजला होता. सांगलीत ते काम करणारा कोणी मिळेना, तेव्हा आम्ही तंतुवाद्याच्या एका कारागिराकडे मिरजेला गेलो. त्यांनी हाडाचा नवा नट कोरून दिला आणि कानस चालवता चालवता हसत म्हणाले की, तुम्ही जी झणझण काढायला आला आहात, तीच घालण्याचे आम्ही पैसे घेतो. ते जवारीविषयी बोलत होते. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिचा, माथा इतक्या सूक्ष्म उताराने घासतात की कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, आणि त्या स्पर्शातून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वयंभू स्वर उमटतात. तारेखाली दोरा सरकवून ही जवारी उघडी किंवा बंद करतात. मेटलच्या गिटारीत जे डिस्टॉर्शन असते, त्यात अँप्लिफायरला पेलणार नाही इतका जोर देऊन ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात, आणि तिथेही मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर जन्माला येतात. दोन्हींची चव एक आहे असे मी म्हणत नाही. पण त्या कारागिरांनी मुलाच्या मोबाइलवर त्याचे गाणे पूर्ण ऐकले आणि फक्त एक प्रश्न विचारला : सूर कोणता धरला आहे? मुलाने तार नेहमीपेक्षा किती खाली उतरवली ते सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या भोपळ्यांच्या राशीत बसून झालेले हे संभाषण माहितीपटात साडेतीन मिनिटे आहे आणि माझ्या मते तेच त्यातले सर्वांत चांगले दृश्य आहे. तेव्हा मिरज सोडून कॅमेरा दुसरीकडे वळवला, हा आरोप मला मान्य नाही.

उलट याच भूमीचा दाखला द्यायचा तर सांगलीच्या कृ. बा. देवलांचा द्यावा लागेल. सरकारी नोकरी केलेल्या या गृहस्थांनी अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाच्या सुरांवरून श्रुतींची मोजमापे घेतली आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक छापले. ती मोजमापे बरोबर होती की नव्हती यावर पुष्कळ वाद झाले, पण कोणीतरी जिवंत गळ्यासमोर बसून टिपणे घेतली होती म्हणून वाद घालता आला. खाँसाहेब १९३७ साली गेले. आज त्यांचे जे गाणे आपल्या हाती आहे ते प्रामुख्याने एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावणाऱ्या तबकड्यांवर, आणि मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मृतीसाठी आपण जमतो तेव्हा प्रत्येकाला वाटते की एखादी पूर्ण मैफल कोणी धरून ठेवली असती तर. माझ्या मुलांची खाँसाहेबांशी तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मी फक्त एवढे म्हणतो की यांच्या चारपैकी दोन ग्रुपांचे वाजवणे आता माझ्या हार्डडिस्कशिवाय कुठेही उरलेले नाही.

पैशाचा प्रश्न ज्येष्ठ वाचकांनी स्पष्ट विचारला आहे, म्हणून हिशेबही स्पष्ट देतो. एकूण खर्च १ लाख ८४ हजार रुपये झाला. कॅमेरा, लेन्स आणि संपादनाचा संगणक धंद्यातलेच असल्याने ते यात धरलेले नाहीत. जुनी घेतलेली दोन ध्वनिमुद्रण यंत्रे आणि माइक यांना ३१ हजार, हार्डडिस्कला २२ हजार, तीन वर्षांचे पेट्रोल, एसटी आणि खाणेपिणे ३८ हजार, मदतनीस मुलाला २४ हजार, वकील आणि मुद्रांक कागदाला ९ हजार, प्रदर्शनाची जागा व प्रोजेक्टर १२ हजार, आणि पुण्याला जाऊन करून घेतलेल्या अंतिम ध्वनिमिश्रणाला ४८ हजार. यातले १ लाख १० हजार माझे आणि उरलेले ७४ हजार ३७ जणांनी प्रत्येकी दोन हजार देऊन उभे केले. त्यांत मुलांचे मित्र आहेत, माझे दोन जुने गिऱ्हाईक आहेत आणि एका मुलाची आत्या आहे. कोणत्याही संस्थेचे किंवा पुढाऱ्याचे अनुदान त्यात नाही.

या हिशेबात आवाजाचा वाटा ७९ हजारांचा, म्हणजे चार दशांशाहून थोडा अधिक आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण कमी पैशात माहितीपट करू पाहणारे माझे तरुण सहव्यावसायिक पहिले कर्ज चांगल्या कॅमेऱ्यासाठी काढतात. चित्र थोडे काळोखे असले तर प्रेक्षक सांभाळून घेतो, किंबहुना गोदामातल्या दृश्यांना ते शोभतेही. फुटलेला आवाज मात्र तो दोन मिनिटेही सहन करत नाही. पत्र्याखालच्या त्या खोलीत कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर पहिल्या दिवशी नुसता फटफटाट आला होता. शिकत शिकत आम्ही असे ठरवले की एक यंत्र गाद्यांच्या आड, ड्रमपासून शक्य तितके दूर ठेवायचे, दुसऱ्याची पातळी मुद्दाम खूप खाली ठेवायची, आणि गायकाच्या माइकची वेगळी तार थेट मिक्सरमधून घ्यायची. स्वतंत्र यंत्रांवर घेतलेला आवाज आणि चित्र नंतर जुळवताना खुणेसाठी टाळी वाजवावी लागते, पण इथे ड्रमवाला प्रत्येक गाण्यापूर्वी काड्यांनी चार ठोके देतोच. त्या चार ठोक्यांनी माझी संपादनाची कित्येक रात्रींची मेहनत वाचवली. लांब चित्रीकरणात दोन यंत्रांची घड्याळे हळूहळू फारकत घेतात, त्यामुळे प्रत्येक गाण्याला नव्याने खूण मिळणे ही चैन नसून गरज आहे.

हार्डडिस्कांना २२ हजार कशाला, असे माझ्या पत्नीनेही विचारले होते. चित्रीकरण ४६ तासांचे झाले. ज्या दर्जाने मी घेतो त्यात एका तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, म्हणजे सगळे मिळून दोन टीबींहून अधिक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझे गावभागातले दुकान पाण्याखाली गेले तेव्हा ११ लग्नांचे चित्रीकरण चिखलात गेले होते, आणि त्या ११ घरी जाऊन हात जोडण्याची वेळ माझ्यावर आली होती. त्यामुळे या माहितीपटाच्या तीन प्रती आहेत : एक दुकानात, एक घरी विश्रामबागेत आणि एक कृष्णेपासून लांब, तासगावला मेहुण्याच्या कपाटात.

वकिलाच्या नऊ हजारांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथे बहुतेकांची गैरसमजूत असते. ही मुले स्वतःच्या रचनांबरोबर परदेशी बँडची गाणीही वाजवतात. गोदामातल्या एका संध्याकाळी त्यांनी असे एक गाणे इतके सुंदर वाजवले होते की माहितीपटाचा शेवट मला तिथेच दिसला. वकिलांनी तो काढायला लावला. वादन मुलांचे असले आणि ध्वनिमुद्रण माझे असले, तरी गाण्याची चाल आणि शब्द यांचा हक्क स्वतंत्र असतो, आणि ते चित्रपटात वापरायचे तर त्या हक्कदाराची परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुसऱ्याच्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण काढण्यासाठी वैधानिक परवान्याची सोय आहे, पण तिचा फायदा चित्रपटाला मिळत नाही. त्याच कायद्यात चित्राच्या पार्श्वभूमीवर ओघाने येणाऱ्या कलाकृतींना सवलत आहे, म्हणून भिंतीवरचे बँडचे पोस्टर दिसले तर चालते. ती सवलत संगीताला मात्र नाही. आपल्या गावात याचा अर्थ काय होतो ते सांगतो. गोदामाच्या दारात घेतलेल्या एका मुलाखतीच्या मागून वरातीचा ब्रास बँड हिंदी चित्रपटातले गाणे वाजवत गेला, आणि ती पूर्ण मुलाखत मला पुढच्या रविवारी पुन्हा घ्यावी लागली. मुलगा अर्थातच पहिल्यासारखे बोलला नाही. वादकांचाही कायद्याने स्वतंत्र हक्क आहे, म्हणून १७ जणांशी मराठीत लिहिलेले करार केले, माहितीपटातून कधी काही उत्पन्न झालेच तर त्यातला वाटा त्यांना मिळेल असे त्यात लिहिले, आणि एकाने करार वाचून शांतपणे विचारले की काका, उत्पन्न म्हणजे नक्की कोणते?

कराराने सुटला नाही असा एक प्रसंग होता. एका ग्रुपचा गायक घशातून जो खरखरीत, गर्जनेसारखा आवाज काढतो त्याला ही मुले ग्राउल म्हणतात. घरी तो भजनी मंडळात टाळ धरतो आणि वडिलांना या ग्राउलचा पत्ता नव्हता. त्याने सही केली होती, वय २३ होते, कायद्याने माझी बाजू पक्की होती. संपादन पूर्ण होत आले असताना तो एका रात्री दुकानात आला आणि माझा चेहरा नको म्हणाला. त्याच्या दृश्यांवर मी दोन पावसाळे घालवले होते. आठ दिवस मला राग आला होता, मग मी त्याचा चेहरा काढून टाकला. आता माहितीपटात त्याचा आवाज आहे, पाठमोरी आकृती आहे आणि माइकच्या वायरीला घट्ट धरलेला हात आहे. पाहणारे काही जण म्हणाले की तोच भाग सर्वांत परिणामकारक आहे. मला ते पटत नाही. त्याचा चेहरा मी पाहिला आहे, तुम्ही पाहिलेला नाही.

गोंगाटाच्या आक्षेपात ज्येष्ठ वाचकांचे एका बाबतीत पूर्ण बरोबर आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत असे वाजवता येत नाही. डिसेंबरमधल्या एका रात्री ही मुले शटर अर्धे उघडे ठेवून दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत वाजवत राहिली, शेजारच्या घरातल्या आजारी बाईंचा मुलगा येऊन तणतणला आणि मुलांनी आधी उलट उत्तरे दिली. ते सगळे मी चित्रित केले आहे आणि मुलांची नाराजी पत्करून माहितीपटात ठेवले आहे. त्या रात्रीनंतर ते गोदाम गेले. पुढचे सात महिने चौघे चार घरी वाजवत होते, एकत्र वाजवायला जागाच नव्हती, आणि पहिला ग्रुप मोडला तो याच काळात. बेस वाजवणाऱ्याला चाकणला नोकरी लागली हे निमित्त; पण दर रविवारी भेटण्याचे ठिकाण असते तर तो शनिवारच्या रात्री गाडी पकडून आला असता, असे त्यानेच मला सांगितले.

माहितीपट पूर्ण झाल्यावर जागेची अडचण मुलांवरून माझ्यावर आली. शहरातल्या एका सभागृहाच्या व्यवस्थापनाकडे मी चौकशी केली तेव्हा शंभर माणसांसाठीही नाटकाच्या पूर्ण प्रयोगाचेच भाडे सांगण्यात आले, आणि विषय ऐकल्यावर तारखा शिल्लक नसल्याचे लक्षात आले. शेवटी पितृपक्षात एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल स्वस्तात मिळाला, कारण त्या पंधरवड्यात तिथे दुसरे कोण येणार? एक खुलासा करतो. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. आमचे प्रदर्शन मुले, त्यांची घरची माणसे आणि ते ३७ जण यांच्यापुरते, निमंत्रितांसाठी आणि विनातिकीट होते. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज आता तयार होत आहे.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' ज्या गावात झाले त्याला आपण नाट्यपंढरी म्हणतो. त्या गावात सार्वजनिक मालकीची सभागृहे आहेत आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी त्यांतली बरीचशी बंद असतात. माझी आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना एवढीच विनंती आहे की, अशा दुपारी दोन ते सहा या वेळेत, नाममात्र भाड्याने आणि वस्तूंच्या नुकसानीची अनामत घेऊन, तालमीसाठी आणि छोट्या माहितीपटांच्या प्रदर्शनासाठी ती द्यावीत. मुख्य रंगमंच नको. मागची तालमीची खोलीही पुरेल. ती बंदिस्त असते, वस्तीपासून आत असते आणि सहा वाजता कुलूप लागले की शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न उरत नाही. मेटलच कशाला, कुपवाडला बीट लावून मराठीत रॅप लिहिणारी चार-पाच मुले आहेत, मिरजेत सतार शिकणाऱ्या मुली आहेत, भजनी मंडळे आहेत. सगळ्यांची रडकथा जागेचीच आहे. अनामत भरायला या ३७ जणांपैकी किमान दहा जण आजही तयार आहेत. त्यांना विचारूनच मी हे लिहीत आहे.

गावभागातील ज्येष्ठ वाचकांना माहितीपट पाहण्याचे माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. बाहेर येणे जमणार नसेल तर त्यांच्या सोयीच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी येईन, आवाज कमी-जास्त करण्याचे बटण त्यांच्याच हाती राहील आणि डिसेंबरच्या त्या रात्रीचे दृश्य त्यांनी खुशाल बंद आवाजात पाहावे. विसाव्या मिनिटाला मात्र मिरजेच्या त्या कारागिरांनी कोरलेल्या नटावरून पहिली तार छेडली जाते, तेवढी त्यांनी पूर्ण आवाजात ऐकावी अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक व्हिडिओ शूटिंग व्यावसायिक,
विश्रामबाग, सांगली